निळं झाकण, उघडा

"गुन्हा कितीही चतुर असो, तो माझ्या हातून सुटत नाही. गरुडाची नजर, घोरपडीची चिकाटी आणि सिंहाचं काळीज, या तिन्ही गोष्टी एकाच देहात नांदताना दिसल्या की खुशाल समजावं, आपण भिंगरावांसमोर उभे आहोत!"

रिसेप्शनवरच्या मुलीनं फक्त "आपण कोण?" एवढंच विचारलं होतं.

मागे उभ्या असलेल्या मेहुण्यानं पेन घेतलं आणि येणाऱ्यांच्या वहीत मुकाट्यानं लिहिलं, 'दोन माणसं.' प्राण्यांचा उल्लेख त्यानं गाळला.

मेहुणा म्हणजे भिंगरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, चांगला बत्तीस वर्षांचा होता आणि एकदाच चुकला होता. भाऊजींच्या वाढदिवसाला त्यानं दुकानातलं एक भिंग भेट दिलं. त्यानंतर महिन्याभरात भाऊजींनी बरी चाललेली नोकरी सोडली, गळ्यात भिंग अडकवलं आणि ते खाजगी गुप्तहेर झाले. मेहुण्याला त्यांनी सहायक नेमलं. पगार ठरला नव्हता, त्यामुळे तो थकायचाही प्रश्न नव्हता. आजवर त्यांनी एकंदर तीन प्रकरणं हातात घेतली होती. त्यातलं हरवलेलं मांजर आपणहून घरी आलं, चोरीला गेलेली छत्री भिंगरावांच्याच काखेत निघाली आणि तिसऱ्या प्रकरणाबद्दल शेजारी अजून बोलत नाहीत. घर चालायचं ते ताईच्या पगारावर.

आणि आज तो पगारच धोक्यात होता.

ताई, म्हणजे मेहुण्याची बहीण आणि भिंगरावांची बायको, याच कचेरीत लेखिका होती. इथं 'धुक्याचं राज्य' नावाचा ऑनलाइन खेळ बनायचा. हजारो माणसं आपापल्या घरी पंख्याखाली बसून त्या राज्यात जादूगार, तलवारबहाद्दर, नाहीतर बुटके चोर होऊन हिंडायची. वाटेत भेटणारा लोहार, नावाडी, पिशाच्चं, पोपट, सगळ्यांच्या तोंडचं बोलणं ताई लिहायची. खेळणाऱ्यांना मात्र ड्रॅगन मारण्यापेक्षा दुसराच नाद जास्त. खेळात सिनेमा, मालिका, जाहिराती यांच्यातल्या गमती गुपचूप लपवलेल्या असत, त्या हुडकून काढायच्या! नाक्यावरचा राक्षस टोल घेताना जुन्या बातमीदारासारखा खाकरतो, दरोडेखोर एका गाजलेल्या नटासारखा मानेला झटका देतो, एका थडग्यावर कोरलेला मजकूर हा मुळात साबणाची जाहिरात आहे, असं काहीतरी. एकाला सापडलं की तो दहा जणांना सांगणार, आणि त्यातले सात जण आम्हाला आधीच माहीत होतं म्हणणार.

"अशी प्रत्येक गंमत आम्ही परवानगी काढून ठेवतो," मालक रुमालानं मान पुसत म्हणाले. खोली थंडगार होती, तरी ते पुसत होते. "पण गेल्या महिन्यात एक निघाली, ती कुणी ठेवली तेच कळत नाही. आज पाच वाजता मोठ्या कंपनीची माणसं हा खेळ विकत घ्यायला येतायत. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. ते वाक्य कुठल्या सिनेमातून उचललं ते सांगा. नाहीतर उद्या कुणी कोर्टात खेचेल, आम्हाला हा खेळ नको. आणि ते वाक्य ज्या पात्राच्या तोंडी आहे, ते पात्र तुमच्या मिसेसनी लिहिलंय."

"मी ते लिहिलेलं नाही," ताई म्हणाली. सकाळपासून ती हेच सांगत होती.

"मग आभाळातून पडलं का? पाचपर्यंत उगम सांगा, नाहीतर मला तुम्हाला मोकळं करावं लागेल. माझा नाइलाज आहे."

 ताईच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता, तो ती उगाचच सैल-घट्ट करत राहिली. मेहुण्याला फार वाईट वाटलं. लहानपणी कुणी काही चोरलं असं घरात निघालं की ताईचा चेहरा असाच व्हायचा, आणि चोर बहुतेक वेळा मेहुणा असायचा.

"या असल्या गमतीला आमच्यात ईस्टर एग म्हणतात," मालकांनी माहिती पुरवली.

भिंगरावांचे डोळे चमकले. हे लक्षण वाईट असतं, हे मेहुण्याला अनुभवानं ठाऊक होतं.

"ईस्ट म्हणजे पूर्व," भिंगराव सावकाश म्हणाले. "ईस्टर म्हणजे त्याहून जरा जास्त पूर्व. एग म्हणजे अंडं. सहायक, होकायंत्र!"

होकायंत्र नव्हतं. मेहुण्यानं फोनवर दिशा काढून दिली. कचेरीच्या पूर्वेच्या भिंतीला फ्रिज होता. भिंगरावांनी तो असा उघडला की आत कुणी हात वर करून उभं असावं. दुसऱ्या खणात एका डब्यात दोन उकडलेली अंडी सापडली आणि भिंगराव भिंग घेऊन त्यांच्यावर वाकले.

"टरफलावर खुणा नाहीत. गुन्हेगारानं पुरावा उकळून नष्ट केलाय."

"ओ साहेब, माझं जेवण आहे ते," मागून आवाज आला. खेळातले राक्षस आणि योद्धे काढणारा चित्रकार हातात चमचा घेऊन उभा होता.

"कबुली!" भिंगराव ओरडले. "लिहून घे!"

मेहुण्यानं चित्रकाराला डबा परत दिला आणि भाऊजींना हाताला धरून ताईच्या टेबलापाशी आणलं. ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, अंडं म्हणजे अंडं नव्हे! लपवलेली गंमत. आता गप्प बसा आणि ऐका."

तिनं पडद्यावर खेळ सुरू केला. धुकं, त्यात एक वठलेलं झाड, झाडाखाली पाय पसरून बसलेली पांढऱ्या केसांची म्हातारी. ताईनं तिच्यावर क्लिक केलं. म्हातारीनं जबडा उघडला आणि खोल गुहेतून यावा तसा आवाज घुमत आला:

"वर आहे... मागे आहे... निळं झाकण, उघडा... मी उठणार नाही."

मेहुण्याच्या अंगावर काटा आला. भिंगराव मेहुण्याच्या मागे गेले, पण ते वेगळ्या कोनातून बघण्यासाठी, असं त्यांनी नंतर स्पष्ट केलं.

या एका वाक्यानं खेळणाऱ्यांना वेड लावलं होतं. कुणी म्हणे हे जुन्या भुताच्या सिनेमातलं, कुणी म्हणे बंद पडलेल्या मालिकेच्या शेवटच्या भागातलं. एका प्राध्यापकानं तर लिहिलं होतं की 'वर' म्हणजे वरदान, 'मागे' म्हणजे गतजन्म, 'निळं झाकण' म्हणजे आकाश आणि 'मी उठणार नाही' म्हणजे मोक्ष. त्याखाली चारशे लोकांनी हात जोडले होते. काहींनी तर ते वाक्य छातीवर छापून घेतलं होतं. बनियनच्या, म्हणजे.

"सोपं आहे," भिंगराव म्हणाले. "पहिलाच शब्द गुन्हेगाराचं नाव सांगतोय. वर! वर म्हणजे नवरदेव. वर आहे, पण मागे आहे. म्हणजे मांडवातून मागच्या मागे पळालेला नवरदेव! या कचेरीत पळालेला नवरदेव कोण आहे?"

कोपऱ्यात संगणकाशी पुटपुटत बसलेल्या प्रोग्रॅमरवर त्यांनी झडप घातली.

"तुम्ही मांडवातून का पळालात?"

"मांडवापर्यंत पोचलोच नाही हो अजून," प्रोग्रॅमर कळवळून म्हणाला. "आठ ठिकाणी बघून झालं. तुमच्या बघण्यात आहे का कुणी?"

भिंगरावांनी विषय बदलला. सुतावरून स्वर्ग गाठायची त्यांची सवय जुनी होती. एक सूत तुटलं की लगेच दुसरं.

"उघडा!" ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "आपण सगळे फसलो. 'उघडा' म्हणजे झाकण उघडा असं नाही. उघडा, म्हणजे अंगात काही न घातलेला माणूस! झाकण म्हणजे टोपी. निळी टोपी घातलेला उघडा माणूस कुठल्या सिनेमात होता? मी कॉलेजात असताना सात वेळा पाहिला. 'रक्ताची विजार'! त्यात नायक मध्यंतरानंतर शर्ट शोधतच हिंडतो. आणि त्याचं शेवटचं वाक्य काय होतं?"

"काय होतं?" मालक आशेनं पुढे झुकले.

"ते आठवत नाही. मी रडत होतो."

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या चित्रांकडे गेली. तिथं खेळातले पंधरा-वीस योद्धे ओळीनं उभे होते. सगळे उघडे, आणि त्यातल्या एकाच्या डोक्यावर निळं शिरस्त्राण! भिंगराव पुन्हा चित्रकाराकडे वळले. तो बिचारा दुसरं अंडं सोलत होता.

"तुमचे सगळे योद्धे उघडे का?"

"कपडे काढायला फार वेळ लागतो," चित्रकार म्हणाला.

भिंगराव थबकले. त्यांनी ते वाक्य मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

"कपडे काढायला वेळ लागतो, म्हणून ते उघडे? अहो, मग ते कपड्यात हवेत! काढलेच नाहीत, तर उघडे कसे?"

"काढले नाहीत म्हणूनच उघडे ना."

"काढले नाहीत तर अंगावर असतील!"

"काढले असते तर अंगावर असते. शिलाई, चुण्या, बटणं, सगळं काढावं लागतं हो हातानं."

"बटणं काढली म्हणजे कपडे निघणारच!"

मेहुण्यानं मधे पडून पेन्सिल दाखवली आणि 'काढणे' या क्रियापदाचा दुसरा अर्थ समजावला. भिंगरावांनी तो ऐकून घेतला, पण चित्रकाराकडे ते दिवसभर संशयानंच बघत होते.

साडेचार वाजून गेले. आता एकच संशयित उरला होता. भिंगरावांनी खुर्ची ओढली, ते ताईच्या समोर बसले आणि घसा साफ केला.

"कर्तव्यापुढे नातं नाही. बाई, आपलं लग्न झालंय का?"

"दुर्दैवानं."

"पती काय करतात?"

"तेच शोधतेय."

"म्हणजे आपणही शोधकार्यात आहात तर! आपल्या पतीबद्दल काय सांगाल?"

"अहो," ताई म्हणाली. "पुरे. माझी नोकरी चाललीय. मी आयुष्यात कधी कुणाचं वाक्य चोरलं नाही. मरणाऱ्या राजाचं शेवटचं बोलणं लिहायला मला आठवडा लागला होता, शब्दन् शब्द माझा आहे. त्या राजाकडे कुणी फिरकत नाही. आणि कुठून आलेल्या या एका ओळीसाठी मी चोर ठरतेय."

 बायकोच्या डोळ्यांत पाणी आलेलं भिंगरावांना बघवत नसे, एवढं मात्र खरं. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. रुमालाला शाई लागली होती आणि ताईच्या गालावर निळा पट्टा उमटला, पण ते सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

एवढ्यात आवाजबाई आल्या. खेळातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना, दोन चेटकिणींना आणि एका घोडीला त्यांचा आवाज होता. उगम सापडला नाहीच, तर म्हातारीच्या तोंडी निदान दुसरं वाक्य भरता यावं म्हणून मालकांनी त्यांना बोलावलं होतं. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली, सगळा प्रकार ऐकला आणि नाक मुरडलं.

"मला तेव्हाच खटकलं होतं," त्या म्हणाल्या. "ही म्हातारी राजाला 'मेल्या' म्हणते. ड्रॅगनला 'मुडद्या' म्हणते. सगळ्या राज्याशी अरे-तुरे. आणि इथं एकदम 'उघडा'? 'उघड रे' नाही, 'उघडा'! ही अहो-जाहो कुणाशी करतेय, असं मी रेकॉर्डिंगला विचारलं होतं. तर म्हणे, लिहिलंय तसं म्हणा. मी आपलं ते कंटाळून, वैतागून म्हटलं होतं, तसंच सुचलं मला. ती गुहा यांनी नंतर घातली."

मेहुण्याच्या डोक्यात काहीतरी वळवळलं. वैतागलेला आवाज, अहो-जाहो... हे आपण कुठंतरी ऐकलंय. सिनेमात नक्की नाही. जेवताना ऐकलंय.

"बाई, व्याकरणानं गुन्हे सुटत नसतात," भिंगराव कीव करत म्हणाले. "त्याला लागते बुद्धी."

आणि पाच वाजायच्या आतच मोठ्या कंपनीची माणसं दारात हजर झाली. एक करड्या केसांच्या बाई आणि त्यांच्यासोबत एक वकील. वकिलाचा चेहरा असा होता की त्याला दात दुखत असताना कामावर यावं लागलं असावं. मालकांनी दोघांना बसवलं, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत हवापाण्यावर बोलून घेतलं. ताई आपल्या कोपऱ्यात गेली. तिनं टेबलावरचा कप, पेनं, कुंडीतलं रोप, एकेक करून पिशवीत भरायला सुरुवात केली. मेहुणा तिला मदत करायला गेला, पण त्याचे हात चालेनात.

"तर, त्या वाक्याचं काय झालं?" करड्या केसांच्या बाईंनी विचारलं.

मालकांनी हताशपणे भिंगरावांकडे बघितलं. भिंगराव हातात चहाचा कप घेऊन उभे राहिले. याच क्षणासाठी ते जन्मले होते.

"सन्माननीय पाहुणे! या प्रकरणाची पाळंमुळं फार खोल गेलेली आहेत. एक उघडा माणूस, एक पळालेला नवरदेव आणि दोन अंडी यांना जोडणारा एक अदृश्य धागा आहे. मी आत्ता, या क्षणी, तुमच्या डोळ्यांसमोर तो धागा..."

त्यांनी नाट्यमय विराम घेतला. विरामात चहाचा घोट घेतला. तोंड वाकडं झालं. आणि मान न वळवता, अगदी घरात हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली:

"अगं, साखर कुठाय?"

ताईचं डोकं पिशवीत होतं. तिनं ते वर केलं नाही.

"वर आहे, मागे आहे, निळं झाकण, उघडा. मी उठणार नाही."

 प्रोग्रॅमरची बोटं कळफलकावर गोठली. चित्रकाराच्या हातातलं अर्धं अंडं खाली पडलं. मालकांचा रुमाल मानेवरच राहिला.

फक्त भिंगरावांच्या काही ध्यानात आलं नाही. ते सवयीनं वळले, समोरच्या कपाटापाशी गेले आणि टाचा उंचावून वरची वायरींची खोकी सरकवायला लागले.

"इथं नाहीये गं!"

"नीट बघा!" ताई म्हणाली. मग तिनं डोकं वर काढलं. सगळे आपल्याकडे का बघतायत ते तिला कळेना. मग कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई!" आवाजबाई खुर्चीतून उठल्याच. "म्हातारी नवऱ्याशी बोलतेय!"

मेहुण्याला आता लख्ख आठवलं. ताईकडे जेवायला गेलं की प्रत्येक वेळी चहाला हीच हाक आणि हेच उत्तर. डबा बदलला नव्हता, जागा बदलली नव्हती आणि भाऊजींना तो एकदाही पहिल्या फेरीत सापडला नव्हता.

मग सगळा उलगडा झाला. मनगट दुखायला लागल्यापासून ताई घरी बसून संवाद बोलून टाइप करायची. ती बोलणार, यंत्र लिहिणार. म्हातारीचं बोलणं सांगत असताना आतून भिंगरावांची हाक आली असणार. हाक लांबून आली, यंत्राला ऐकू गेली नाही. उत्तर मात्र माइकच्या तोंडाशीच गेलं आणि म्हातारीच्या खात्यात पडलं. मनगटाच्या ठणक्यात ताईनं ते पुन्हा वाचलं नाही. पुढे त्यात गुहा घुमली, आणि घुमल्यावर स्वतःचाच वैताग कोण ओळखणार?

"म्हणजे हे कुठल्याच सिनेमातलं नाही?" वकिलानं विचारलं. त्याला जरा वाईट वाटलेलं दिसलं.

"नाही," ताई म्हणाली. "आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. माझंच आहे."

 मग तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. गालावर निळी शाई, हातात कुंडी आणि डोळ्यांतून पाणी, अशी ती हसत राहिली. मेहुण्यानं तिला इतकी मोकळी होऊन हसताना पाहून फार दिवस झाले होते. मालकांनी तिची माफी मागितली. ती मागताना त्यांनी रुमाल खिशात ठेवला, म्हणजे मनापासून मागितली असावी.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," कपाटापाशी उभ्या भिंगरावांनी जाहीर केलं. "धागेदोरे थेट घरापर्यंत जातात. प्रकरण मिटलं. सहायक, याची नोंद कर."

डोंगर पोखरून साखरेचा डबा निघाला होता, आणि तोही भिंगरावांना अजून सापडला नव्हता. मेहुण्यानं कसलीही नोंद केली नाही.

करड्या केसांच्या बाई इतका वेळ ताईकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"लोक त्या राजासाठी येत नाहीत, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण या म्हातारीसाठी येतात. माझ्या घरी माझे मिस्टर दिवसभर हेच वाक्य म्हणत फिरतात. हे कुणाला उद्देशून आहे, ते त्यांना आज कळेल. मला खेळ घ्यायचाय. पण एक विचारते. असलं आणखी काही मिळेल का तुमच्याकडे?"

ताईनं कपाटाकडे पाहिलं. भिंगराव आता खुर्चीवर चढून तिसऱ्या खोक्यामागे हात घालत होते. तिनं पिशवीतली कुंडी काढून पुन्हा टेबलावर ठेवली.

"लग्नाला चौदा वर्षं झालीत, बाई," ती म्हणाली. "तुम्ही फक्त म्हाताऱ्या वाढवा."